खिडकीपलीकडच्या माणसाची ओढाताण

बँकेच्या खिडकीशी आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचे भांडण जुने आहे. कधी सही जुळत नाही, कधी मशीन बंद, कधी "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या." तक्रार खोटी नाही. परंतु खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाचे काय चालले आहे, हे पाहणे आपल्याच फायद्याचे आहे. भूमचा खवा-व्यापारी असो, उमरग्याचा शिंपी असो की शेळ्यांचा सौदा करणारा असो, छोट्या माणसाची पत कागदापेक्षा ओळखीवर जास्त चालते. ओळखीचा अधिकारी बदलून गेला किंवा त्याचे मन कामातून उडाले, की पत पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागते.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात हे विशेष जाणवते. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात नोकरी करणारे पुष्कळजण मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड लातूरला किंवा सोलापूरला ठेवतात. लोहारा किंवा वाशीच्या शाखेत काम करणाऱ्याला सकाळी एस.टी. गाठायची आणि संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय उठायचे नाही. शंभर रुपयांचा फरक निघाला तरी शेवटची गाडी चुकते. पती एका बँकेत व पत्नी दुसरीकडे असेल तर हाल विचारू नका. विवाहित महिला कर्मचाऱ्यांची बदली शक्यतो पतीच्या गावाजवळ करावी, अशी सूचना केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०१४ साली सरकारी बँकांना केली. आता "शक्यतो" या शब्दात किती जागा असते, हे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको!

ग्रीनहाउस व ब्यूटेल या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ मध्ये या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, मनावरच्या ताणाची व वागणुकीची. तिसरा प्रकार मजेशीर आहे. दिवसभर नियम दाखवणारा माणूस घरीही मुलाबाळांना नियमच दाखवू लागतो.

नोकरीशी जडलेल्या नात्याचेही तीन धागे आहेत, असे मेयर व ॲलन यांनी १९९१ मध्ये मांडले. एक जिव्हाळ्याचा, दुसरा नोकरी सोडली तर होणाऱ्या नुकसानीचा, तिसरा कर्तव्याचा. घरची ओढाताण वाढली की सहसा जिव्हाळ्याचा धागा आधी सैल होतो. नुकसानीचा धागा मात्र टिकून राहतो. म्हणजे माणूस खुर्चीवर राहतो, पण त्याचे मन तिथे राहत नाही. आपल्याला जाचतो तो हाच माणूस.

आपल्याकडे नुकसानीचा धागा म्हणजे पेन्शन. सरकारी बँकांत पेन्शनचे नियम १९९५ चे. १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना मात्र नवी अंशदायी योजना. जुन्यांना पेन्शनने धरून ठेवले. नव्यांना तसे बांधून ठेवणारे फारसे काही उरले नाही. त्यात २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. पुढे २०१४ मध्ये जनधनची खाती आली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीच्या रांगा लागल्या. आपल्या भागात "हैदराबाद बँक" म्हणून पिढ्यांना ठाऊक असलेली, १९४१ साली निजामाच्या राज्यात सुरू झालेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली आणि बदल्यांचा पट्टाही विस्तारला.

पाच दिवसांच्या आठवड्यावर मार्च २०२४ मध्ये बँका व संघटना यांच्यात सहमती झाली, पण तिचा अंमल सरकारच्या मंजुरीवर ठेवला गेला. मागणी रास्त आहे. दुकानदारांना ती पटणे कठीण, हेही खरे.

या सगळ्याचा आपल्या धंद्याशी संबंध कुठे येतो? विश्वकर्मा योजनेचेच पाहा. २०२३ पासून सुरू झालेल्या या योजनेत कारागिराला पहिले कर्ज एक लाखापर्यंत, पाच टक्के व्याजाने, अठरा महिन्यांत फेडायचे. ते नीट फेडले तरच दोन लाखांपर्यंतचे दुसरे. अठरा महिन्यांत मॅनेजर बदललेला असण्याची शक्यता पुष्कळ. पहिल्याला तुमचा चेहरा ठाऊक होता, दुसऱ्याला फक्त खाते दिसते. म्हणून हप्त्यांच्या पावत्या, खात्याचा उतारा व मालाच्या खरेदीची बिले एका फाइलीत लावून ठेवावीत आणि साहेबांच्या बदलीची कुणकुण लागताच शाखेत जाऊन व्यवहाराची नोंद पूर्ण आहे ना, हे पाहून घ्यावे. त्यासाठी मार्चअखेर व जूनमधली पीककर्जाची गर्दी टाळून, महिन्याच्या मध्यावर सकाळची वेळ धरावी.