फुगा पाडावा, पण कुठे?

२६ जानेवारी २०१६ रोजी जैसलमेरच्या आकाशात रडारला फुग्यासारखं काहीतरी दिसलं. हवाई दलाच्या सुखोई-३० विमानाने ते पाडलं. याच जातीची विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात बांधली जातात.

फुग्यासाठी एवढं महागडं विमान कशाला? तर फुगा पाडणं वाटतं तितकं सोपं नाही. १९९८ मध्ये कॅनडाच्या लढाऊ विमानांनी भरकटलेल्या एका संशोधन-फुग्यावर हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. पठ्ठ्या तरंगतच राहिला! अशा फुग्यात आतल्या हेलियमचा दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो. भोकं पडली तरी तो फटकन फुटत नाही, वायू सावकाश झिरपत राहतो. अमेरिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये चिनी फुग्यावर क्षेपणास्त्रच सोडलं, तेही तो समुद्रावर गेल्यावर.

समजा, हेरगिरीचा संशय असलेला असा फुगा नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रावर आला. १९४४च्या शिकागो करारानुसार आपल्या हद्दीवरचं आकाश आपलंच. पाडायचा हक्क आहेच. पण खाली नाशिकरोडची दाट वस्ती. माझ्या मते सरकारने आधी संवेदनशील हालचाली थांबवाव्यात, फुग्याचे रेडिओ संदेश टिपावेत, लोकांना खरं काय ते सांगावं आणि मोकळ्या माळावर पोचल्यावरच तो पाडून यंत्रं ताब्यात घ्यावीत.

त्याहीआधी फुगा कोणाचा, हे तपासावं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) वैज्ञानिक फुगे हैदराबादहून उडतात आणि त्यांची यंत्रं पॅराशूटने कधीकधी महाराष्ट्रातल्या शेतांतही उतरतात.