पाणबुडीची प्रतिकृती : वजनाचे गणित आणि हरवणारा संदेश

पुणे - बुधवार पेठेतील तापकीर गल्लीतून मोटार, बॅटरी आणून रिमोटवरची पाणबुडी बनवू पाहणाऱ्या नवशिक्याला पहिला धक्का वजनाचे गणित देते. माझगाव डॉकने बांधलेली व डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झालेली 'आयएनएस कलवरी' ६७.५ मीटर लांब असून, पाण्याखाली तिचे विस्थापन सुमारे १,७७५ टन आहे. तिची शंभरपट लहान प्रतिकृती ६७.५ सेंटिमीटरची होते; वजन मात्र दहा लाख पटींनी घटून पावणेदोन किलोवर येते. तेवढ्यात सारी यंत्रणा बसविणे कठीणच. प्रमाण १:७२ ठेवल्यास लांबी ९४ सेंटिमीटर व वजन पावणेपाच किलो होते. नवख्याने मोठी प्रतिकृती निवडावी, हे ऐकायला उलटे वाटते खरे!

तरंगताना जेवढा भाग पाण्याबाहेर राहतो, तेवढ्याच आकारमानाचे पाणी टाकीत घेतले, की नौका बुडण्याच्या बेतात येते. टाकी मध्यावर नसेल, तर नाक खाली जाते.

खरा घोळ रिमोटचा. हल्ली सर्वत्र मिळणारे २.४ गिगाहर्ट्झचे संच विमानांना उत्तम. पण या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच शोषल्या जातात. त्यामुळे २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचे जुने संच येथे उपयोगी ठरतात. खाऱ्या पाण्यात तेही फारसे चालत नाहीत. संदेश तुटताच टाकी आपोआप रिकामी होण्याची सोय नसेल, तर महिन्यांची मेहनत तळाशी जाते. म्हणूनच पहिली चाचणी तलावात नव्हे, घरच्या पिंपात घ्यावी.