हाडे पोखरणारा आजार आणि डॉ. मंडी यांचे संशोधन



या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा नाहीतर हुमणी यांबद्दल लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे आणि त्याचे कारण घरचेच आहे. माझे थोरले मामा आयुष्यभर ऊसच करत आले. कंबर दुखते म्हणून सहा-सात महिने त्यांनी दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. आम्हीही म्हणायचो, वय झालं, मोळ्या उचलून कंबर गेली. एके दिवशी गोठ्यात शेणाची पाटी उचलायला वाकले आणि मणका पिचला. तपासणीत निघाला मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात वाढणारा रक्तपेशींचा कर्करोग. या रोगाने मूत्रपिंडावर ताण येतोच, त्यात वेदनाशामक गोळ्यांची भर पडली होती.

मला कोडे पडले ते असे, की रोग रक्ताचा, मग हाड का मोडावे?

कोडे जुनेच आहे. १८४४ साली लंडनमधला एक किराणा व्यापारी असाच छातीच्या आणि कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. १८४५ मध्ये त्याच्या लघवीत डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांना एक विचित्र प्रथिन सापडले. त्यांच्या नावाने ते आजही ओळखले जाते व तपासले जाते. १८४६ च्या पहिल्याच दिवशी तो माणूस वारला. शवविच्छेदनात त्याच्या बरगड्या सुरीने सहज कापता येतील इतक्या मऊ निघाल्या.

आता हाड म्हणजे काही धोंडा नव्हे. पाटाचा भराव आपण जसा जुनी माती खरवडून नव्याने भरतो, तसे काम हाडात रात्रंदिवस चालू असते. खोदणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. नावे जिभेला जड आहेत, आपण खोदणारे आणि गवंडी म्हणू. दोघांचा मेळ आहे तोवर हाड मजबूत.

कर्करोगाच्या पेशी स्वतःच हाड खातात, असे वाटणे साहजिक होते. डॉ. ग्रेगरी मंडी या मूळच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने अमेरिकेत डॉ. लॉरेन्स रेझ आदी सहकाऱ्यांबरोबर वेगळीच गोष्ट दाखवली. त्यांनी मायलोमाच्या रुग्णांचा मगज काचेच्या भांड्यात वाढवला आणि पेशी बाजूला काढून नुसते वरचे पाणी उंदराच्या गर्भातील हाडांवर घातले. तरीही हाड झिजले! म्हणजे रोगाच्या पेशी असा काही पदार्थ सोडतात, की हाडातलेच खोदणारे जागे होऊन कामाला लागतात. हे संशोधन १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. टोळी आपलीच, पण मुकादम परका, असा हा प्रकार.

पुढे डॉ. मंडी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे बरीच वर्षे होते. २०१० साली ते वारले. त्यांनी मांडलेले दुष्टचक्र आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. हाड खोदले, की त्यात साठलेली वाढीची द्रव्ये मोकळी होतात आणि त्यावर रोग आणखी पोसतो. तणाला आयते खत मिळाल्यासारखेच. मग रोग आणखी खोदणारे बोलावतो.

२००३ मध्ये अमेरिकेतल्याच आर्कान्सामधील शास्त्रज्ञांनी दुसरी बाजू उघड केली. मायलोमाच्या पेशी डीकेके-१ नावाचे प्रथिन सोडतात व त्याने गवंड्यांचे काम थांबते. खड्डे पडतात, पण भरत नाहीत. यामुळेच हाडांचा जो स्कॅन नवे हाड बनण्याच्या जागा दाखवतो, त्यात हे खड्डे पुष्कळदा दिसतच नाहीत. साध्या एक्स-रेतही हाडाचा तिसरा हिस्सा गेल्याशिवाय चटकन काही दिसत नाही. मामांचा सुरुवातीचा एक्स-रे 'नॉर्मल' होता तो का, हे मला तेव्हा कळले.

या शोधाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. खोदणाऱ्यांना आवरणारी औषधे आली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जवळपास चारशे रुग्ण होते. हाड मोडणे, त्यासाठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागणे असे प्रकार नऊ महिन्यांत औषधाविना ४१ टक्के, तर पॅमिड्रोनेट दिलेल्यांत २४ टक्के रुग्णांत झाले. आता झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन अधिक वापरतात. त्याने पडलेले खड्डे बुजत नाहीत, नवे पडायचे कमी होतात. मूळ रोगाची औषधे वेगळी, ती चालूच ठेवावी लागतात.

फवारणीमुळे हा रोग होतो का, असे दोघा-तिघांनी विचारले. परदेशातल्या बऱ्याच अभ्यासांत शेतकऱ्यांत तो थोडा जास्त आढळला आहे, पण अमुकच औषधाने होतो असे सिद्ध नाही. आणि कंबरदुखी म्हटली की मायलोमा असे तर मुळीच नाही, हा रोग कमीच जणांना होतो.

पण वय पन्नाशीच्या पुढे, दुखणे महिना-दोन महिने हटत नाही, त्यात थकवा, रक्त कमी किंवा वरचेवर ताप, असे असेल तर दुकानातल्या गोळ्या बंद करून डॉक्टरांना गाठा. हिमोग्लोबिन, रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करायची का, हे त्यांना विचारा. आणि हाडांचे इंजेक्शन सुरू होणार असेल, तर किडलेले दात आधीच काढून घ्या. नंतर दात काढला, तर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. मामांचे दोन दात म्हणूनच आधी काढले.