पाटा वाढला, चासीचं काय?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांतून बर्फातली मासळी घेऊन पिकअप करूळ, फोंडा किंवा आंबोलीचा घाट चढतात. माल जास्त न्यायचा असला की मागच्या कमानीत एक पाटा वाढवून घेतात. गाडी मागे बसत नाही, म्हणून ती दणकट झाली असं वाटतं. हा समज घातक आहे. वाढलेल्या मालाचं सगळं वजन चासीवरूनच कमानीच्या हँगरमध्ये उतरतं आणि चासी होती तेवढीच राहते. कडक झालेली कमान खड्ड्याचा दणकाही कमी शोषते, तोही चासीलाच सोसावा लागतो.

चासीचे दोन लाँग मेंबर म्हणजे दोन तुळया. भरीव तुळईची उंची दुप्पट केली, तर रुंदी तीच ठेवूनही तिची ताकद चौपट होते. ताकदीचा दुसरा भाग पोलादाचा. साधं पोलाद चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन ताण सोसून पूर्ववत होतं. अवजड ट्रकांसाठी तापवून-विझवून कडक केलेलं ७५० न्यूटनपर्यंत. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: एकाच मापाच्या दोन्ही चासी एकाच ओझ्याखाली जवळजवळ सारख्याच लवतात. फरक कळतो तो ओझं उतरवल्यावर. एक सरळ होते, दुसरी कायमची वाकलेली राहू शकते. म्हणून १९८६ सालची टाटा ४०७ आणि २००५ सालची टाटा एस यांच्या ताकदीचा हिशेब नुसतं खाली वाकून बघून लागणार नाही.

घाटातल्या वळणावर एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळली जाते. इथे बंद नळी आणि उघडा सी-आकाराचा चॅनेल यांत प्रचंड तफावत आहे. जिची त्रिज्या जाडीच्या दहापट आहे अशी गोल नळी लांबीभर चिरली, तर पिळाला होणारा तिचा विरोध ३०० पटींनी घटतो. तरी ट्रकांना चॅनेलच वापरतात, कारण थोडी पिळणारी चासी खडबडीत रस्त्यावर चारही चाकं जमिनीला टेकवून ठेवते. शिवाय बंद नळीत पाणी साचून ती आतून कुजते, बाहेरून पत्ता लागत नाही.

आणि आपल्याकडचं पाणी खारं. मासळीच्या क्रेटमधून ते रोज चासीवर गळतं. समजा, गंजाने १ मिलिमीटर पोलाद खाल्लं. ६ मिलिमीटरच्या जाड चॅनेलची वाकण्याविरुद्धची ताकद साधारण सहाव्या भागाने कमी होईल, ३ मिलिमीटरच्या हलक्याची तिसऱ्या भागाने. पिळाचा विरोध तर जाडीच्या घनावर ठरतो: जाड चॅनेलचा ५८ टक्के उरेल, हलक्याचा फक्त ३०. त्याच हलक्या गाडीत पाटा वाढवून दीडपट माल भरला जातो, याची मला खरोखर धास्ती वाटते. केबिनमध्ये दोन-तीन माणसं बसलेली असतात.

तडा गेला की पट्टी मारून वेल्डिंग करतात. पट्टीचं टोक काटकोनात कापलेलं असेल तर पुढचा तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. ते तिरकं हवं. भोक पाडायचंच असेल तर चॅनेलच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडावं, वाकण्याचा ताण तिथे सर्वांत कमी असतो. चॅनेलच्या वरच्या-खालच्या आडव्या बाजूंना ड्रिल लावू नये. १ जूनला मासेमारीबंदी लागली की गाडी गोड्या पाण्याने खालून धुवावी आणि केबिनमागचा भाग, हँगरची जागा छोट्या हातोडीने ठोकून बघावी. पापुद्रे सुटले, तर पट्टी मारण्याआधी उरलेली जाडी मोजून घ्यावी.