हजाराचा हिशेब आणि शक्तीची शिल्लक

सोलापूरच्या पूर्व भागातील गल्ल्यांतून दुपारच्या वेळी हिंडणाऱ्यास मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेल्या स्त्रिया आजही दिसतात. भिजवलेले तेंदूचे पान कात्रीने मापात कापावयाचे, त्यात चिमूटभर तंबाखू घालून ते वळावयाचे, दोऱ्याने बांधावयाचे आणि तोंड दुमडावयाचे, हा क्रम त्यांच्या बोटांत इतका मुरलेला असतो की, त्यापायी किती बळ खर्ची पडते याची दाद पाहणाऱ्यास लागत नाही. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. अशा घरात आमवात, दमा, रक्तक्षय किंवा मूत्रपिंडाचा विकार कायमचा मुक्कामास आला, म्हणजे औषधपाण्याइतकाच बिकट असा दुसरा प्रश्न उभा राहतो: दिवसाकाठी जी थोडकी शक्ती हाती येते, ती कोणत्या कामी लावावी?

निरोगी माणसाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. दीर्घकाळच्या आजाऱ्याचा उतरत नाही, कारण त्या शिणाचे मूळ केवळ श्रमात नसून देहाच्या अंतर्व्यापारात असते. प्रौढ स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या खाली उतरले, की तो रक्तक्षय समजला जातो. मग स्नायूंस प्राणवायू अपुरा पडतो आणि हृदयास जादा राबावे लागते. आमवातात शरीरभर दाह चालू राहतो व सकाळी सांधे तास-तास आखडलेले असतात. मूत्रपिंडाच्या विकारात यंत्राने रक्त शुद्ध करण्याचे डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. त्या दिवशी घरी परतल्यावर पुष्कळांच्या अंगात उठून बसण्याचेही त्राण उरत नाही.

त्यात भर पडते ती एका सर्वपरिचित चुकीची. जरा बरे वाटले की साचलेली सारी कामे एकाच दिवसात उरकावयाची आणि पुढले दोन-तीन दिवस अंथरूण धरावयाचे, असे रहाटगाडगे घरोघर चालू असते. सोलापुरात याचे प्रत्यंतर नळाच्या पाण्याच्या दिवशी येते. कित्येक वर्षे येथे पाणी रोजच्या रोज न येता काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे घागरी, कळशा, पिंपे भरणे, आणि पाणी आहे तोवर चादरींसकट सगळे धुणे काढणे, ही कामे एकाच सकाळी अंगावर येतात. आजारी गृहिणीने या दिवसाची तरतूद आदल्या दिवशीच करून ठेवावी: पाणी भरण्याचे काम धडधाकट माणसाकडे सोपवावे, धुणे दोन-तीन दिवसांत वाटून घ्यावे, भाजी चिरणे बसून करावे, आणि नित्य लागणारी भांडी हाताच्या उंचीवर ठेवावी, कारण हात खांद्याच्या वर उचलून केलेले काम लवकर थकविते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर चढतो तेव्हा अवजड कामे सकाळीच आटोपावीत हे खरे. पण ज्याचे सांधे सकाळी आखडतात त्याने ते मोकळे होईपर्यंत थांबावे.

मुख्य नियम असा की, थकून बसण्यापूर्वीच थांबावे. तथापि सर्व रोगांस एकच माप लागू नाही. हृदयाच्या व फुप्फुसांच्या पुष्कळ रोग्यांस वैद्यकीय देखरेखीखाली क्रमाने वाढविलेला व्यायाम हितकर ठरतो. उलट, थोड्या श्रमानेही ज्यात प्रकृती दिवसचे दिवस खालावते त्या चिरकालिक थकव्याच्या विकारात असा ठरावीक चढता व्यायाम देऊ नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने 2021 साली स्पष्ट केले. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड व रक्तशर्करा यांची तपासणी करून घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आपली मर्यादा ठरवावी.

परंतु जिची चूल हजाराच्या हिशेबावर पेटते तिला ‘विश्रांती घ्या’ एवढे सांगून भागत नाही. 1976 साली विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला, त्यातून दवाखाने उभे राहिले. पण दवाखान्यातील औषधाने घरातील कामाची वाटणी बदलत नाही. ती घरच्यांनीच बदलावयास हवी. आजारी बाई दुपारी आडवी झाली म्हणजे तिला आळशी ठरविणारी जीभ प्रथम आवरावी, आणि मुलगा असो, नवरा असो वा सासरे, प्रत्येकाने तिच्या वाट्याचे एकेक काम कायमचे आपल्याकडे घ्यावे. वाचलेल्या शक्तीतून ती काय करील हे तिचे तिने ठरवावे; तो तिचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.