सायकलची चेन नेमकी कधी बदलायची? २४ कड्या आणि एक टेप

पावसाळा संपत आला की कोल्हापुरात सायकलच्या दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. "चेन सारखी पडायला लागलीय, बघा की जरा." "ताणून देतो." मिस्त्री मागचं चाक थोडं मागे ओढतात, नट आवळतात आणि सायकल पुन्हा चालू. पण झीज कमी झाली का? नाही. फक्त लक्षण दिसेनासं झालं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम देतो. काय मोजायचं, किती लांबीवर मोजायचं आणि निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा, हे तिन्ही प्रश्न यात आहेत.

चेन लांब का होते?

आपण म्हणतो "चेन ताणली". पण पोलादी पट्ट्या सहसा ताणल्या जात नाहीत. दोन कड्या जिथे जोडलेल्या असतात तिथली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजतो. प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी होते आणि त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे वाढलेली लांबी.

आर्चर्डने १९५३ मध्ये मांडलेला झिजेचा नियम सांगतो की झीज भार आणि घसरण्याच्या अंतराच्या प्रमाणात वाढते, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितकी ती कमी. पण या सूत्रातला गुणांक तेल, चिखल, वाळू यांनुसार खूप बदलतो. म्हणून "इतके किलोमीटर झाले की चेन बदला" हा सल्ला कच्चा आहे. पावसात पन्हाळ्याचा घाट चढणारी सायकल आणि शहरात कोरड्या रस्त्यावर फिरणारी सायकल यांचे किलोमीटर सारखे नसतात. अंतर मोजू नका, झीज मोजा.

मोजायचं कसं?

नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच. साध्या सायकलची चेन रुंद असते, पण हे अंतर तेच. आता एकच कडी मोजली तर? पिना बाहेरच्या पट्ट्यांत घट्ट बसवलेल्या असतात. त्यामुळे बाहेरची कडी कितीही जुनी झाली तरी १२.७ च दाखवेल! सगळी वाढ आतल्या कडीत दिसते, आणि तीही मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. नमुना चुकीचा निवडला की निष्कर्ष "झीज शून्य".

उपाय आपण अकरावीत शिकलोय. लंबकाचं एक आंदोलन न मोजता वीस मोजून भागतो, तसंच इथे २४ कड्या एकत्र मोजा. नवी चेन ३०४.८ मिमी भरेल.

१. पेडल हलकं दाबून वरची चेन ताठ ठेवा.
२. टेपच्या टोकाची पत्री हलते, म्हणून शून्याऐवजी १०० च्या खुणेपासून मोजा. २५ वी पिन ४०४.८ वर यायला हवी.
३. पिनेच्या मध्यापेक्षा कडा पकडणं सोपं जातं. दोन्ही टोकांना पिनेची डावी कडा घ्या.
४. चेनच्या तीन वेगवेगळ्या भागांवर मोजून सरासरी काढा.

बाजारातलं चेन-चेकर सोयीचं आहे, पण बरेचसे चेकर रोलरला टेकतात. मग रोलरचा ढिलेपणाही आकड्यात मिसळतो आणि झीज खऱ्यापेक्षा जास्त दिसते. ही पद्धतशीर त्रुटी. दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी ती जात नाही.

कोणत्या आकड्यावर बदलायची?

सर्वसाधारण प्रघात असा:

– मागे ११-१२ चकत्यांची कॅसेट: ०.५ टक्के, म्हणजे १.५ मिमी वाढ
– ८ ते १० चकत्या: ०.७५ टक्के, सुमारे २.३ मिमी
– बिनगिअरची सायकल: १ टक्का, सुमारे ३ मिमी

ही घाई कशासाठी? लांबलेली चेन दातांवर नीट बसत नाही. ती दातांना आपल्या मापाने झिजवते. मग नवी चेन जुन्या दातांवर उड्या मारते, आणि स्वस्तातली चेन वाचवायच्या नादात महागडी कॅसेटही बदलावी लागते. नवी चेन टाकल्यावर जोर देताना ती ठरावीक चकतीवर उडत असेल, तर ती चकती किंवा फ्रीव्हील संपलंय असं समजा. ही चाचणी मोकळ्या जागी, सीटवर बसून घ्या. उभं राहून जोर लावताना चेन उडाली तर माणूस पडतो. पुढच्या मोठ्या चाकाला दात जास्त असल्यानं भार विभागला जातो आणि ते बऱ्याचदा दोन-तीन चेन टिकतं. त्याचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले की तेही बदला.

शेवटचं. बदलायचा आकडा मोजण्याआधी वहीत लिहा. आकडा हातात आल्यावर मर्यादा ठरवली की खिसा बघून ती सरकते. प्रयोगशाळेत खिशाच्या जागी आपला लाडका निष्कर्ष असतो, एवढाच फरक. दर महिन्याला तारीख आणि लांबी अशी एक ओळ लिहीत गेलात, तर चेन कधी संपणार हे तुम्हाला ती पडायच्या आधी कळेल.