घरासकट मुद्रित झालेलं गाणं

स्टुडिओत जो आवाज निगुतीने पुसून टाकतात, तोच कधी कधी गाण्याचा प्राण ठरतो. १९७३ साली जपानच्या हारुओमी होसोनो यांनी आपला पहिला एकल अल्बम, ‘होसोनो हाउस’, टोकियोजवळच्या सायामा शहरात आपल्या भाड्याच्या घरात ध्वनिमुद्रित केला. अमेरिकी कंट्री, लोकगीत, फंक असं कितीतरी त्यात गुण्यागोविंदाने नांदतं. तरी ऐकताना वाटतं, कुणी शेजारी बसून गुणगुणतंय.

हे घडतं कसं? घरात ड्रमचा ठोका गायकाच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. भिंतीवर आपटून परतलेला आवाज मूळ आवाजामागोमाग, सेकंदाच्या काही हजाराव्या भागाच्या फरकाने येतो. तेवढ्यावरून आपला मेंदू ताडतो, खोली लहान आहे आणि माणूस जवळ आहे!

पुढे १९७९मध्ये टीअ‍ॅक या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारं ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र आणलं. गिटार, बेस, ताल असे तीन ट्रॅक भरायचे, ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, की आधीचे तीन पुन्हा मोकळे. एकटा माणूस असा अख्खा वाद्यवृंद होतो. मात्र प्रत्येक वेळी टेपची खरखर वाढते, उंच पट्टीतल्या आवाजांची धार बोथट होते. टेपची गती जराशी डळमळली की सूरही डळमळतो. ‘लो-फाय’ म्हणतात ते हेच. कॅसेटवर भीमगीतं आणि कीर्तनं ऐकत वाढलेल्यांना हा आवाज चांगलाच ओळखीचा आहे.

होसोनोंनी २०१९ साली ‘होसोनो हाउस’ हाच अल्बम ‘होचोनो हाउस’ नावाने नव्याने केला, तोही गाण्यांचा क्रम उलटा लावून.

आपल्या बीड जिल्ह्यातही घरच्या आवाजाचा असा ठेवा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या लाखभर ओव्या जमा झाल्या. त्यातच माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या मुद्रित झाल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात.

आपल्या पाटोद्यात आता प्रत्येकाच्या खिशात पोर्टास्टुडिओपेक्षा सरस यंत्र आहे. आजीला ओव्या येत असतील तर स्टुडिओची वाट पाहू नका. ती बसते तिथेच, भांड्यांच्या आवाजासकट, आजच रेकॉर्ड करा आणि शेजारी तारीख, गाव आणि तिचं नाव लिहून ठेवा.